एकच सिलिंडर, दोन आकडे

विल्मा तुमुलाक दारात आली तेव्हा रेमेदियोस काबाहुग सकाळचा जप संपवत होती. पाहुणी आली म्हणून तिने शेवटचे मणी घाईने ओढले नाहीत. विल्मा उंबऱ्याशी थांबली. ओसरीवर झावळीच्या पुडीतला भात सोलून खात बसलेला एर्निंगही घास हातातच धरून थांबला.

माळ डबीत गेल्यावर रेमी म्हणाली, "ये इन्दाय, बैस. बोल."

"मनांग रेमी, माझ्या भावाचा, रुएलचा, घात माझ्या हातून झाला का, एवढंच मला शोधून द्या. झाला असेल तरी सांगा. पण सांगा."

"गेला का तो?" एर्निंगने विचारले.

"श्वास चालू आहे. सेबूच्या दवाखान्यात पडलाय, डोळे उघडत नाही. आणि त्याची बायको मारिसेल मला खोलीत पाऊल टाकू देत नाही. म्हणते, तूच भरून दिलेली हवा घेऊन तो खाली गेला."

रेमीने एर्निंगकडे नुसते पाहिले. त्याने निमूटपणे आपल्या वाट्याचा भात विल्मापुढे सरकवला.

रेमी पूर्वी बंदरावर बुडालेल्यांच्या चौकशीचे काम करी. आता स्वतंत्रपणे करते. समुद्राने नेलेल्या माणसाबद्दल काही अडले की आसपासच्या बेटांवरचे लोक तिच्याकडे येतात, तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणतात. एर्निंग सुमालिनोग तिची मोटरसायकल चालवतो, पिशव्या उचलतो आणि सगळे समजल्यासारखी मान हलवतो.

विल्मा तिनागो बेटावरच्या डायव्हिंग सेंटरमध्ये वायू मिसळण्याचे काम करत होती. "साध्या हवेत शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन असतो," ती सांगू लागली. "मी तो वाढवून बत्तीस करते. मग माणूस पाण्याखाली जास्त वेळ राहू शकतो, वर येताना कमी थांबावं लागतं. किती घालायचा, वर येताना कुठे किती थांबायचं, सगळं टॅबवरचा प्रोग्राम सांगतो. बत्तीस असेल तर चौतीस मीटरपर्यंत भीती नाही. पण चाळीस असेल ना मनांग, तर तेवढ्या खोल तोच ऑक्सिजन उलटतो. फिट आल्यासारखे झटके येतात. तोंडातली नळी सुटते."

"ज्याच्यावर जगायचं, तेच खाली विष?" एर्निंगचे डोळे मोठे झाले.

"खाली सगळंच बदलतं, मनोंग."

"आणि रुएलला झटके आले," रेमी म्हणाली.

"गुरुवारी. बुडालेल्या मालबोटीच्या तळाशी. बरोबर आमच्या सेंटरचा दुसरा वाटाड्या नेस्तर होता, त्याने वर आणला."

"सिलिंडरमध्ये किती निघाला?"

"तेच तर! सकाळी मी मोजला, बत्तीस. रुएलने त्याच्या मीटरवर मोजला, बत्तीस. नेस्तरने त्याचा सिलिंडर त्याच्या मीटरवर मोजला, बत्तीस. आमच्यात आपला सिलिंडर आपणच मोजायचा, आपणच पट्टीवर आकडा लिहून चिकटवायचा. दुसऱ्याने मोजलेलं कुणी तोंडात धरत नाही. दुपारी तटरक्षक दलाचे साहेब आले. त्यांनी धक्क्यावर उभं राहून त्यांच्या मीटरवर मोजला. चाळीस."

"तुझा मीटर बिघडला असेल."

"मी लगेच खोलीत नेऊन त्यांच्यासमोर मोजला. बत्तीसच! साहेबांनी सील लावलं. शुक्रवारी सकाळी त्यांनीच सील तोडलं आणि मला पुन्हा मोजायला लावलं. तोच सिलिंडर, तोच मीटर, मनांग. आकडा चाळीस."

"मीटर रात्रीत शहाणा झाला?" एर्निंग म्हणाला.

"साहेब पण हेच म्हणाले. म्हणे मीच रात्री काहीतरी करून मीटर सरळ केला. सोमवारी जबाबाला बोलावलंय."

"रुएल आणि नेस्तरचे मीटर? शुक्रवारी?"

"तेही चाळीस."

रेमी उठली. "तीन साक्षीदार एकदम खोटं बोलले, आणि तिघंही एकदम खरं बोलायला लागले. एर्निंग, बोट किती वाजता आहे बघ."

*

तिनागोच्या धक्क्यावरून खाली पाहिले तर पाणी आहे की नाही असा प्रश्न पडावा, इतके ते नितळ होते. पायाखाली तीन माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर प्रवाळाची निळी टोके डोलत होती. त्यापुढे मात्र रंग एकदम काळा होत गेला होता. एर्निंगने नकळत क्रूसाची खूण केली.

"माणसं तिथे स्वतःहून जातात?"

"पाठीवर घरची हवा बांधून जातात," रेमी म्हणाली. "मला तर हे चमत्काराहून कमी वाटत नाही."

मिश्रणखोली धक्क्याला लागूनच होती. विल्माने दोघांना चपला काढायला लावल्या. "ऑक्सिजनजवळ तेल नको, वाळू नको. समुद्रातली ओली वस्तू तर या दारातून आत येतच नाही."

"देवघरच आहे की," एर्निंग पुटपुटला.

भिंतीवर, दाराच्या आतल्या बाजूला, काखेत मावेल एवढी एक पिवळी बाटली टांगलेली होती. विल्माने मीटर त्या बाटलीच्या तोंडाशी धरून किंचित फुंकर सोडली, आकडा एकवीसवर आणला आणि बटण दाबले. "आधी मीटरला साधी हवा दाखवायची, सांगायचं की हे एकवीस. मग तो बाकीचं ओळखतो. खोलीत ऑक्सिजन झिरपतो, इथल्या हवेचा भरवसा नाही. म्हणून ही बाटली. सगळे इथे येऊनच मीटर लावतात."

"कधी भरली होतीस?"

"पवित्र आठवड्याआधी. रोज फुंकरीपुरतीच लागते. हिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे बेटावर पोराटोरांना माहीत आहे."

रेमीने बाटलीच्या गळ्यातला दाबाचा काटा पाहिला. तो पार उजवीकडे टेकला होता. एर्निंग भिंतीला टेकायला गेला आणि बाटली डुगडुगली. त्याने ती घाईने सावरली, हात पँटला पुसला, आणि खिशातली वाळवलेल्या आंब्याची फोड तोंडात टाकली.

"शी! खारट आंबा कोण विकतं?"

"आंबा मीच घेतला होता," रेमी म्हणाली. "गोड होता."

तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक मोठा सिलिंडर एकटा उभा होता. "याला पट्टी नाही?"

"परत आलेला आहे. आला की मी पट्टी फाडते. पट्टी नाही म्हणजे आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. रिकामा करूनच पुन्हा भरायचा. गुरुवारपासून कामच बंद, म्हणून तसाच राहिलाय."

"गुरुवारी मिसळताना काही वेगळं वाटलं?"

"दोन्ही सिलिंडर कमजोर निघाले. प्रोग्रामने सांगितला तेवढा ऑक्सिजन घातला, तर मीटर सव्वीसच्या वर जाईना. भरताना सिलिंडर तापला की दाबाचा काटा फुगून दिसतो, मग ऑक्सिजन कमी पडतो. वाटलं तसंच झालं. थोडा वायू सोडला, आणखी ऑक्सिजन घातला. बत्तीस होईपर्यंत."

"प्रोग्रामचं न ऐकता?"

"प्रोग्राम हिशोब करतो. शेवटचा शब्द मीटरचा. आम्हाला असंच शिकवतात." तिचा आवाज बारीक झाला. "चुकलं का?"



*

प्रोग्राम लिहिणारा आन्सेल्मो इबान्येझ व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसला होता. दाढी वाढलेली, समोरचा भात गार.

"या, तुम्हीही विचारा," तो म्हणाला. "सगळे विचारून गेले. दोन सेंटरांनी माझा प्रोग्राम काढून टाकला. चालवून बघायचीही तसदी घेतली नाही."

"तुझा प्रोग्राम चुकतो का?"

"चुकतो ना! माणसं त्याला चुकीचं सांगतात तेव्हा. सिलिंडरमध्ये आधी किती उरलंय, ऊन किती, काय हवंय, सगळं माणूस सांगतो. एकच गोष्ट मी कुणाला सांगू देत नाही. ती आत पक्की लिहून टाकली आहे."

"कोणती?"

"साधी हवा. डोंगरावर घ्या, समुद्रावर घ्या, राजवाड्यात नाहीतर डुकरांच्या गोठ्यात घ्या. शंभरात एकवीस. तेवढा आकडा मी लिहिलेला नाही, बाई. तो आधीच लिहिलेला होता."

देवाने लहानथोर सगळ्यांना एकाच मापाने वाढलेले असे दुसरे काय आहे, असे रेमीच्या मनात आले. ती हळूच म्हणाली, "जेवून घे, दोंग. तुझा हिशोब बरोबर असावा."

नेस्तर ओमोलोन आपल्या खोपटाबाहेर जाळीच्या झोळीत पडला होता. तो उजवा खांदा चोळत होता. रुएल मुख्य वाटाड्या झाला म्हणून नेस्तर महिनाभर त्याच्याशी धड बोलत नव्हता, हे साऱ्या बेटाला माहीत होते.

"हो, राग होता," तो स्वतःच म्हणाला. "म्हणून मी त्याच्या सिलिंडरमध्ये विष घालीन? तसं करायचं असतं तर खाली सोडूनच दिला असता. कोण बघायला होतं? मधले थांबे सोडून सरळ वर आणलाय त्याला. थांबे चुकवले की सांधे धरतात, त्याचा प्रसाद हा खांदा."

"तू कुठे होतास तेव्हा?"

"त्या बुडालेल्या बोटीच्या वरच्या डेकवर, सहाएक मीटर उथळ. ओठ फडफडत होते माझे. वाटलं जेलीफिश चाटून गेला. मग खाली बघतो तर हा..." त्याने डोळ्यांवर हात घेतला.

रेमी म्हणाली, "नंतर काही पाहिलंस? ऐकलंस?"

"ऐकलं ना. संध्याकाळी सगळं बेट त्याच्यासाठी प्रार्थना करतंय, आणि कुणीतरी हवा भरायचा कॉम्प्रेसर चालवतंय! लाज नाही लोकांना. कॉम्प्रेसर तर कॉम्प्रेसर, आदल्या दिवशी नांगराचा घोळ. बुधवारी इथेच समोर बोटीचा नांगर प्रवाळात अडकला. पाहुण्यांनी बोटीतले सगळे सिलिंडर संपवलेले. बाकी सगळे नोव्हेनाच्या प्रार्थनेला देवळात. नोंग बुर्स्योने एकट्याने सोडवला. कसा ते त्यालाच ठाऊक."

नोंग बुर्स्यो म्हणजे तिबुर्स्यो ओमापास, सेंटरच्या बोटीचा तांडेल. विल्मा आणि रुएलच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता, त्यांचा निनोंग, होता. त्यांचे वडील गेल्यावर दोघांना त्यानेच पोहायला शिकवले, शाळेत धाडले. तो बोटीत बसून दोर वळत होता. एर्निंगला हात देऊन वर घेताना त्याला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

"औषध घेता ना?" रेमीने विचारले.

"वयाला औषध असतं का, मनांग?" तो हसला. "तू म्हाताऱ्याला सोड, पोरीला वाचव. विल्मा मुंगी मारणार नाही."

"बोट छान ठेवलीय तुम्ही."

"माझ्या बोटीत गोंधळ चालत नाही." त्याने ओठ पुढे काढून सिलिंडरांच्या रांगेकडे खूण केली. "पट्टी असली तर विल्माचं औषध. पट्टी नसली तर साधी हवा. डोळे मिटून उचलावं."

"बुधवारी नांगर तुम्हीच सोडवलात?"

"मग! दम धरून गेलो. पोरवयात शिंपले काढायचो तसा." आणि पुन्हा खोकला.

परतताना एर्निंग म्हणाला, "मनांग, मला वाटतं नेस्तरनेच. फार बोलतो."

"तू आज सगळ्यात मोठा पुरावा खाल्लास," रेमी म्हणाली, "आणि आंब्याला शिव्या दिल्यास."

*

रविवारी प्रार्थना संपल्यावर रेमीने सगळ्यांना मिश्रणखोलीत बोलावले. तटरक्षक दलाचे अधिकारी पुन्हा सील केलेला सिलिंडर घेऊन आले. आन्सेल्मो, नेस्तर, नोंग बुर्स्यो भिंतीशी उभे राहिले. विल्मा दारातच थांबली, आपल्याच खोलीत पाहुणी असल्यासारखी.

"साहेब, तुमचा मीटर बाहेरच्या वाऱ्यावर लावून मोजा," रेमी म्हणाली.

"चाळीस."

"विल्मा, तुझा मीटर. पिवळ्या बाटलीवर लाव, मग मोज."

"चाळीस."

"आता तोच मीटर या कोपऱ्यातल्या बिनपट्टीच्या सिलिंडरवर धर. आणि त्याला सांग की हीच साधी हवा. एकवीस."

"पण मनांग, याच्यात काय आहे ते..."

"म्हणूनच."

विल्माने आकडा एकवीसवर आणला. मग सील तोडलेल्या सिलिंडरच्या तोंडाशी मीटर नेला. आकडे सरकत गेले, डळमळले, स्थिरावले.

बत्तीस.

नेस्तरने पुढे होऊन स्वतःच्या डोळ्यांनी आकडा पाहिला आणि मागे सरकला.

"सिलिंडरात गुरुवारी चाळीसच होता," रेमी हळू आवाजात सांगू लागली. "रात्रीत तो बदलला नाही. मीटरही बदलले नाहीत. मीटरला स्वतःचं ज्ञान नसतं. तुम्ही ज्याला हवा म्हणाल तिच्याशी तो तुलना करतो. तिन्ही मीटरांनी एकाच बाटलीवर शपथ घेतली होती. बाटलीतच हवा नव्हती, तर तिघं एकमुखाने चुकणार. साहेबांनी मात्र शपथ वाऱ्यावर घेतली, ते एकटे बरोबर."

"म्हणजे मी घातला तो ऑक्सिजन..." विल्मा म्हणाली.

"प्रोग्रामने सांगितला तेवढा घातलास तेव्हा सिलिंडर बत्तीसचा झाला होता, इन्दाय. मीटरने त्याला सव्वीस म्हटलं. दोन्ही सिलिंडर एकदम कमजोर निघाले, तिथेच मला शंका आली. नेस्तरचे ओठ फडफडले, झटक्यांची ती पहिली खूण, तेव्हा पक्की झाली. त्याच्याही सिलिंडरात तेच होतं, फक्त तो कमी खोल होता. कुणी रुएलवर डाव धरला नव्हता. खोट बाटलीत होती."

"पण बाटलीत तर आता साधी हवा आहे," अधिकारी म्हणाले. "आत्ताच चाळीस दाखवला."

"आता आहे. पवित्र आठवड्याआधी भरलेली, रोज थोडी वापरलेली बाटली, आणि काटा पार टोकाला? नुकतीच भरली आहे. गुरुवारी संध्याकाळी, प्रार्थनेच्या वेळी, कॉम्प्रेसर चालला होता. त्याआधी एकदा ती कुणीतरी वापरली. या खोलीत समुद्रातलं काही येत नाही, तरी बाटलीवर मीठ होतं. माझ्या एर्निंगने चाखून पाहिलं आहे."

एर्निंगने गंभीरपणे मान हलवली.

"बुधवारी सगळे देवळात. बोटीतले सिलिंडर रिकामे. नांगर अडकलेला, आणि सोडवणाऱ्याच्या छातीत शिडी चढण्याइतकाही दम नाही. मोठा सिलिंडर त्याला उचलवला नसता. दाराजवळची छोटी बाटली काखेत मारून तो खाली गेला. वर आल्यावर ती रिकामी झालेली. विल्माला कळू नये म्हणून त्याने ती कोपऱ्यातल्या सिलिंडरातून नळी लावून भरली. त्या सिलिंडरला पट्टी नव्हती." रेमीने भिंतीकडे पाहिले नाही. "बोटीवर पट्टी नाही म्हणजे साधी हवा. या खोलीत पट्टी नाही म्हणजे कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण दोन रीतींमध्ये एक दार होतं, आणि तो माणूस ते ओलांडून आला, हे विसरला."

नोंग बुर्स्यो खाली बसला.

"साहेबांनी धक्क्यावर चाळीस म्हटलं, तेव्हा मला कळलं," तो म्हणाला. "आयुष्य पाण्यावर काढलं मी. कळायला वेळ नाही लागला. बाटली रिकामी केली, खरी हवा भरली. म्हटलं, निदान पुढे कुणी मरू नये."

"आणि विल्मा?" नेस्तर ओरडला. "तिच्यावर आळ आला, तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"रोज सांगायला निघत होतो, दोंग. रुएलच्या बायकोसमोर उभं राहायचं धैर्य..." तो विल्माकडे वळला. "लहानपणी त्या पोराचं डोकं पाण्यावर मीच धरलं होतं."

अधिकाऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली. "नोंग, उद्या जबाब तुम्हाला द्यावा लागेल."

"देईन."

विल्मा अजून दारातच होती. "मनांग," ती म्हणाली, "तरी शेवटचा ऑक्सिजन मीच घातला ना?"

"तूच घातलास. खोटं कशाला सांगू? पण तुला जे खरं म्हणून दाखवलं, त्याच्याशी तू प्रामाणिक राहिलीस. प्रोग्राम आणि मीटर यांचं पटेना, तेव्हा तू थांबायला हवं होतंस. थांबून बाहेरच्या वाऱ्याला विचारायला हवं होतंस. हे तुला आयुष्यभर टोचेल, टोचू दे. पण भावाचा घात हे नाव त्याला देऊ नकोस. ते त्याचं नाव नाही."

विल्माने डोळे पुसले. मग खोलीत आली, म्हाताऱ्यापुढे उभी राहिली. सगळ्यांना वाटले ती आता किंचाळणार.

"निनोंग, उठा," ती म्हणाली. "दुपारच्या बोटीने सेबूला जायचंय. मारिसेलला तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं. मी बाजूला उभी राहीन."

*

दवाखान्याच्या त्या मजल्यावर फक्त यंत्रांचे बारीक आवाज होते. रुएल पहाटे दोनदा डोळे उघडून पुन्हा झोपी गेला होता, असे परिचारिकेने सांगितले. ओळख पटते आहे, पण बोलायला वेळ लागेल.

मारिसेल खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. विल्माला पाहताच तिचा चेहरा बंद झाला. रेमी आणि एर्निंग जिन्याशीच थांबले.

नोंग बुर्स्यो बोलला. मध्ये खोकला आला, थांबला, पुन्हा बोलला. नांगर सांगितला, बाटली सांगितली, संध्याकाळचा कॉम्प्रेसर सांगितला. काही सोडले नाही. मारिसेलने एकदाही त्याला अडवले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. खोलीच्या काचेपलीकडे तिचा नवरा श्वास घेत होता. छाती वर येई, खाली जाई, आणि ती मोजत असल्यासारखी तिकडेच बघत राहिली.

म्हाताऱ्याचे सांगणे संपले.

मग मारिसेल बाकावर थोडी सरकली. विल्मासाठी.

विल्मा तिच्याशेजारी बसली. दोघींचे खांदे टेकले. एर्निंग जिन्यावरून कुजबुजला, "झालं ना मनांग, जाऊ या?" रेमीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

नोंग बुर्स्यो टोपी छातीशी धरून उभाच होता. परत जायला वळणार, इतक्यात विल्मा भिंतीकडे अंग चोरून बसली. तिने मारिसेललाही हलकेच आपल्याकडे ओढले. मारिसेलने नाही म्हटले नाही. बाकाच्या त्या टोकाला, एक बारीक माणूस बसेल एवढी जागा झाली.